प्रोव्हो : हा शब्द कुणी दिला आणि कुणी घेतला?

अमस्टेलकाठी
मंडळी, अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजूला राहायला आल्यापासून 'प्रोव्हो' हा शब्द अधूनमधून कानावर पडतोय. कुणी पालिकेच्या एखाद्या नियमाविरुद्ध डोकं लढवून गमतीशीर निदर्शन केलं, की इथले सत्तरी ओलांडलेले लोक खुशीत येऊन म्हणतात, "अगदी प्रोव्होंसारखं!" तिशीतल्या डच सहकाऱ्यांना विचारलं तर "साठच्या दशकातले ते पांढऱ्या सायकलवाले" एवढंच सांगतात.

थोडं वाचलं, तर शब्दाची जन्मकथाच विलक्षण निघाली. वाउटर बाउकहाउझन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली रस्त्यावर उनाडक्या करणाऱ्या तरुणांवर पीएचडीचा प्रबंध लिहिला. ही पोरं चोऱ्यामाऱ्या करण्यापेक्षा मोठ्यांना आणि पोलिसांना डिवचण्यातच जास्त रमतात, असं त्याला दिसलं. म्हणून त्यांना त्याने नाव दिलं 'प्रोव्हो'. त्याच वर्षी रूल फान डाउन या अराजकवादी तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी हा प्रबंधातला शब्द उचलला, त्याच नावाचं मासिक काढलं आणि स्वतःलाच प्रोव्हो म्हणवून घ्यायला सुरुवात केली. जुलै १९६५ मध्ये पहिला अंक आला. मे १९६७ मध्ये त्यांनी स्वतःच चळवळ विसर्जित केली. जेमतेम दोन वर्षांचा कारभार, पण शब्द अजून जिवंत आहे.

मला हे फार मोलाचं वाटतं. आपला अभ्यास करणाऱ्याने चिकटवलेली चिठ्ठी काढून फेकायची नाही, तीच छातीवर लावायची आणि तिचा अर्थ आपल्या कृतीने ठरवायचा. तर प्रश्न असा: हे हिप्पीच होते की वेगळे? आणि मराठीत असा बाहेरून मिळालेला शब्द कुणी अभिमानाने मिरवला आहे का?

कोंबडीवडे
जागा धरून ठेवतो. वाचतोय.

शब्दवेडी
छान धागा. प्रोव्हो कळायचा तर त्याच्या आधीचा शब्द बघावा लागतो. पन्नासच्या दशकात डच वर्तमानपत्रांनी अशा पोरांना 'नोझम' म्हणायला सुरुवात केली होती. तेलकट केसांचा कोंबडा, चामड्याचं जाकीट, मोपेड, आणि दिवसभर नाक्यावर उभं राहणं. यान फ्रायमान या पत्रकाराने १९५५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि शब्द घरोघरी गेला. नोझमचा उगम नक्की नाही. 'कसलीही नीतिमत्ता नसलेला नेदरलँड्सचा प्रजाजन' या डच शब्दांची आद्याक्षरं जोडून तो झाला, असं लोक हौसेने सांगतात, पण ही मागाहून रचलेली कथा आहे.

त्या मानाने प्रोव्होची व्युत्पत्ती स्वच्छ. डच 'प्रोव्होसेरन' म्हणजे डिवचणे, चिथावणे. मुळात लॅटिन: 'प्रो' म्हणजे पुढे, 'व्होकारे' म्हणजे बोलावणे. समोरच्याला पुढे यायला लावणे. आणि शेवटचा 'ओ' म्हणजे डच बोलीची जुनी खोड. शब्द तोडायचा आणि ओ लावायचा. असामाजिक माणूस 'आसो', पर्यायी राहणीवाला 'आल्टो', तसा डिवचणारा 'प्रोव्हो'. बाउकहाउझनने शब्द प्रबंधासाठी घडवला खरा, पण त्याची ठेवण रस्त्यावरच्या बोलीची होती, म्हणून तो रस्त्यावर चालला.

तळकोकणी
+१. 'ओ' लावायची खोड आमच्यातपण आहे. गण्यो, बाळ्यो, पक्यो. म्हणजे मालवणी आणि डच एकाच गावचे.

जुनाखोड
हिप्पी आणि प्रोव्हो एक नव्हेत, हे आधी स्पष्ट करतो. मी साठच्या दशकाच्या शेवटी पुण्यात कॉलेजात होतो. केस कानावर आले की वडील "हिप्पी झालास का" म्हणायचे. तेव्हा आमच्यासाठी हिप्पी म्हणजे केस, बेलबॉटम आणि गांजा, एवढंच. पण मूळ हिप्पीची दिशा 'तुमचा समाज तुम्हाला लखलाभ, आम्ही निघालो' अशी होती. तो समाज सोडून जातो. प्रोव्हो शहर सोडत नाही. तो चौकात उभा राहून पालिकेला विचारतो, की या मोटारी इथे कशाला? त्यांनी १९६६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम पालिकेची निवडणूक लढवली आणि सुमारे १३,००० मतं घेऊन एक जागा जिंकली. 'प्रोव्होला मत द्या, हसायला मिळेल' अशी त्यांची घोषणा होती. हे हिप्पीच्या डोक्यातही आलं नसतं.

मांडवीकाठ
जुनाखोड, गोव्याचा असल्याने हिप्पींच्या बाजूने एक शब्द बोलतो. हणजुणे, वागातोरला आलेले सगळेच नुसते नशापाणी करणारे नव्हते. व्हिएतनामच्या सक्तीच्या सैनिकभरतीला कंटाळून निघालेले अमेरिकन त्यांत होते. तेही एक प्रकारे सरकारला नकारच देत होते. आमच्या आजीच्या घरात भाड्याने राहिलेल्या जोडप्याबद्दल ती शेवटपर्यंत प्रेमाने बोलायची. पण शब्दापुरतं तुमचं खरं. गोव्यात हिप्पी म्हटलं की कुणाला राजकारण आठवत नाही.

हडसनपार
या दोघांच्या मधला एक शब्द आहे, यिप्पी. ३१ डिसेंबर १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅबी हॉफमनच्या घरी मंडळी जमली होती, तिथे पॉल क्रास्नरने तो उच्चारला. हिप्पीने राजकारणात पाय ठेवला की यिप्पी. आधी आरोळी सुचली, मग तिच्यात बसेल असं 'यूथ इंटरनॅशनल पार्टी' हे भारदस्त नाव तयार झालं. शब्दवेडी, तुमच्या नोझमसारखंच, फक्त इथे आद्याक्षरांचा खेळ त्यांनी स्वतःच खेळला. १९६८ मध्ये शिकागोत त्यांनी एका डुकराला अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून उभं केलं. डुकराला आणि उभं करणाऱ्यांना, दोघांनाही पोलिसांनी ताब्यात घेतलं.

याच घराण्यातला 'बीटनिक' मात्र पत्रकाराचा. हर्ब केन याने एप्रिल १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दैनिकातल्या आपल्या सदरात तो वापरला. आदल्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक उडाला होता, त्याचं शेपूट 'बीट' या बंडखोर लेखकांच्या पिढीच्या नावाला जोडलं. ज्यांना तो लावला त्यांना तो आवडला नाही. तिथेच प्रोव्होंचं वेगळेपण दिसतं.

तिरकाकोन
एवढ्या कौतुकात मी विरोधी सूर लावतो. डिवचणे म्हणजे चळवळ का? १० मार्च १९६६ ला राजकन्या बेआट्रिक्सचं लग्न होतं. वरात चालली असताना यांनी धुराचे बाँब फोडले. घोडे बिथरले असते, गर्दीत चेंगराचेंगरी झाली असती, तर? ज्याने नाव दिलं त्याने त्यांना डिवचणारे म्हटलं, ते योग्यच होतं. बांधकाम मजूर, गोदी कामगार वर्षानुवर्षं संघटना बांधतात, त्यांना कुणी असं गोड नाव देत नाही. सुशिक्षित पोरांनी चौकात नाच केला की लगेच इतिहास होतो.

अमस्टेलकाठी
तिरकाकोन, मुद्दा रास्त आहे, पण त्या लग्नाची पार्श्वभूमी सांगायला हवी. नवरा मुलगा क्लाउस फोन आम्सबर्ग जर्मन. तरुणपणी हिटलर यूथमध्ये आणि नंतर जर्मन सैन्यात होता. युद्ध संपून २१ वर्षंही झाली नव्हती. अ‍ॅमस्टरडॅममधून हजारो ज्यूंना छळछावण्यांत नेलं गेलं होतं, आणि लग्न त्याच शहरात ठेवलं. निषेध फक्त प्रोव्होंचा नव्हता. (पुढे क्लाउस इथल्या लोकांचे फार लाडके झाले, हेही सांगायला हवं.)

आणि डिवचण्याने काय साधलं, ते पुढच्या आठवड्यात दिसलं. लग्नाच्या दिवशी पोलिसांनी केलेल्या मारहाणीच्या फोटोंचं प्रदर्शन १९ मार्चला प्रिन्सनग्राख्त या कालव्यावरच्या एका प्रकाशकाकडे उघडलं. बघायला आलेल्या लोकांना बाहेर पोलिसांनी पुन्हा बडवलं, आणि ते चित्रित होऊन टीव्हीवर दिसलं. पोलिसांच्या मारहाणीचं प्रदर्शन बघायला आलेल्यांना पोलिसांची मारहाण! घरात बसलेल्या सभ्य माणसांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. सत्तेच्या हातात काठी आहे हे भाषणात सांगून पटत नाही, ती उगारायला लावावी लागते. माझ्या मते त्या नावाचा खरा अर्थ हा आहे. शब्दवेडींनी सांगितलेलं 'पुढे बोलावणे' म्हणजे हेच.

तिरकाकोन
टीव्हीचं मान्य. पण काठी उगारायला लावली, तर ती बसते कुणाच्या पाठीवर? जून १९६६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये बांधकाम मजुरांचा उद्रेक झाला, त्यात एक मजूर मेला. प्रोव्होंनी वातावरण तापवलं आणि चटके मजुरांना बसले, असं म्हणणारे डावेही तेव्हा होते.

रानफूल
त्या मजुरांचा राग सुट्टीच्या पैशांतल्या कपातीवर होता, प्रोव्होंमुळे नव्हता. त्या मृत्यूचं कारण हृदयविकार निघालं, पण 'डे टेलेग्राफ'ने त्याच्याच सोबत्यांनी फेकलेला दगड लागल्याचं छापलं, म्हणून दुसऱ्या दिवशी लोक थेट त्या वृत्तपत्रावर चालून गेले. वातावरण कुणी तापवलं याचं उत्तर तिथेही शोधायला हवं. शेवटी अ‍ॅमस्टरडॅमच्या पोलीस प्रमुखांना जावं लागलं आणि १९६७ मध्ये महापौर फान हाल यांनाही.

सायकलस्वार
पांढऱ्या सायकलींवर कुणी लिहिणार की नाही? मग मीच लिहितो.

कल्पना लुड स्किमेलपेनिंक याची. १९६५ चा उन्हाळा. शहराच्या मध्यभागी खासगी मोटारींना बंदी करा आणि पालिकेने दर वर्षी २०,००० सायकली विकत घेऊन रस्त्यावर सोडा. कुलूप नाही, मालक नाही. घ्या, जिथे जायचं तिथे जा, तिथेच ठेवा, पुढचा कुणी नेईल. नमुना म्हणून त्यांनी स्वतःच्या काही सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण? सायकल बिनकुलूप ठेवायला शहरात मनाई होती! मग या पठ्ठ्यांनी आकडी कुलपं लावली आणि कुलपाचा आकडा सायकलवरच रंगवून ठेवला.

पालिकेने योजना फेटाळली. आज जगभरच्या शहरांत भाड्याच्या सार्वजनिक सायकली आहेत, त्या सगळ्यांच्या वंशावळीत हा पूर्वज येतो. पुण्यात २०१७ च्या अखेरीस अ‍ॅपवर चालणाऱ्या सायकली आल्या. मी रोज वापरायचो. काही महिन्यांत कुणी सीट काढून नेली, कुणी सायकल सोसायटीच्या आत नेऊन स्वतःचं कुलूप लावलं, आणि हळूहळू त्या दिसेनाशा झाल्या. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं आपलं गाव! आजही त्या विषयावर बोलताना माझा जीव तुटतो. सायकल मार्ग रंगवले, त्यांवर गाड्या लागल्या. इथे आम्हाला कुणीतरी डिवचायला हवं आहे.

कोंबडीवडे
पुण्यात सायकलचा आकडा सायकलवरच लिहिला असता तर खाली 'येथे आकडा विचारू नये' अशी पाटीपण लावावी लागली असती.

सायकलस्वार
@कोंबडीवडे :) आणि 'हवा स्वतः भरून घ्यावी'.

बे_एके_बे
त्या पांढऱ्या योजनांची अख्खी मालिका होती ना? पांढरी धुराडी: हवा घाण करणाऱ्यांकडून कर घ्या. पांढरी घरं: रिकामी पडलेली घरं गरजूंना द्या. पांढरी प्रेतं: गाडीखाली माणूस मेला, तर चालकाने त्या जागी रस्त्यावर त्याची आकृती कोरून ती पांढरी भरायची, म्हणजे पुढचा चालक बघून सावकाश जाईल. हे शेवटचं वाचून मी बराच वेळ गप्प होतो. मुंबई-पुणे रस्त्यावर असं करायचं ठरलं तर किती रंग लागेल.

आणि पांढऱ्या कोंबड्या! डच बोलीत पोलिसाला कोंबडी म्हणतात. पोलिसांना पांढरा गणवेश द्या, दंडुका काढून घ्या आणि खिशात मलमपट्टी ठेवा, म्हणजे ते समाजसेवक होतील, अशी योजना.

तळकोकणी
आपल्याकडे मामा आणि पांडू, तिकडे कोंबडी. कोंबडीवडे यांनी आयडी बदलावा, नेदरलँड्सचा व्हिसा मिळायचा नाही.

कोंबडीवडे
वडे माझे, कोंबडी तुमची.

मुळाक्षर
मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. माझ्या मते मराठीतला जवळचा शब्द 'चळवळ्या'. चळवळ म्हणजे मुळात नुसती हालचाल, खटपट, एका जागी स्वस्थ न बसणं. राजकीय अर्थ तिला मागाहून आला. त्यामुळे 'चळवळ्या' म्हणताना जुना अर्थ आत शिल्लक असतोच: याला स्वस्थ बसवत नाही, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. मुलगी बघायला आलेल्या स्थळाबद्दल "मुलगा चांगला आहे, पण जरा चळवळ्या आहे" असं वाक्य मी कानांनी ऐकलंय. पण ज्यांना म्हटलं गेलं त्यांतले कितीतरी हसून "हो, आहोत चळवळे" म्हणायचे. शबनम झोळी, खादीचा झब्बा आणि वाढलेली दाढी पाहून झोळीवाले म्हणणंही तसंच.

जुनाखोड
मुळाक्षर, अगदी बरोबर. सत्तरच्या दशकात खांद्याला शबनम असली की बसचा कंडक्टरसुद्धा विचारायचा, "आज कुठे मोर्चा?" आणि आम्हाला ते ऐकायला आवडायचं.

रानफूल
'दलित पँथर' हेही उदाहरण होईल का? १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही मंडळी उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

मुळाक्षर
तुलना जपून करावी असं वाटतं. पँथर हे नाव त्यांनी स्वतः निवडलं, कुणी हिणवून दिलेलं नव्हतं. आणि गावोगावच्या अत्याचारांना उत्तर देण्यासाठी निवडलं. तिथे जिवाशी गाठ होती. शब्दाचा प्रवासही वेगळा: तो सन्मान म्हणूनच जन्मला. पुढे खेड्यापाड्यांत "पँथर आले" असं म्हटलं की समोरच्याच्या छातीत धस्स व्हायचं, ही त्याची ताकद. प्रोव्हो हा बाहेरून आलेला शब्द आहे, पँथर आतून आलेला.

रानफूल
पटलं. हा फरक महत्त्वाचा आहे.

शाळामास्तर
माझ्या वर्गातली नववीची मुलं 'ट्रोल' म्हणतील याला.

शब्दवेडी
शाळामास्तर, मुलांना एक गोष्ट सांगा. १९६६ मध्ये स्पाउ चौकात एका तरुणीने येणाऱ्याजाणाऱ्यांना मूठमूठ बेदाणे वाटले, म्हणून पोलिसांनी तिला अटक केली. ट्रोल पडद्याआड लपून दुसऱ्याला दुखावतो. ही भर चौकात उभी राहून खाऊ वाटत होती. चेहरा उघडा, हातात बेदाणे. या दोघांना एकच शब्द लावला तर मोठा अन्याय होईल.

तो चौक त्यांचा अड्डाच होता. तिथे 'लिव्हर्ट्ये' नावाचा एका खट्याळ पोराचा छोटा पुतळा आहे, सिगारेट कंपनीने शहराला भेट दिलेला. रोबर्ट यास्पर ग्रोटफेल्ड हा खिडक्या पुसणारा कलाकार शनिवारी मध्यरात्री त्याच्याभोवती तंबाखूविरोधी 'हॅपनिंग' (बघ्यांनाही ओढून घेणारा उत्स्फूर्त प्रयोग) करायचा, खोकल्याची गाणी म्हणायचा. सिगारेटच्या जाहिरातींवर 'कॅन्सर'चं आद्याक्षर रंगवल्याबद्दल तो तुरुंगातही जाऊन आला होता. तिथे जमणारी पोरं आणि फान डाउनची पत्रकं, हे दोन ओघ १९६५ च्या उन्हाळ्यात एकत्र आले. शब्द प्रबंधातून आला, विचार अराजकवादातून आणि अण्वस्त्रविरोधी मोर्चांतून, पण त्याला खेळकरपणा मिळाला तो ग्रोटफेल्डच्या या मध्यरात्रींतून. फक्त बाउकहाउझनला श्रेय दिलं की हे निम्मं राहून जातं.

अजून एक. फान डाउनने लगेच 'प्रोव्होटारिएट' असा शब्द घडवला. सर्वहारा कामगार आता टीव्ही आणि फ्रिजमध्ये रमला आहे, त्याच्याकडून क्रांती होणार नाही, तेव्हा जे कुठेच बसत नाहीत ते सगळे मिळून प्रोव्होटारिएट. त्यांच्या जाहीरनाम्यात यादीच आहे: बीटनिक, नोझम, इंग्लंडचे टेडी बॉय, फ्रान्सचे ब्लूझों न्वार, जर्मनीचे गामलर, स्वीडनचे रागारे, रशियाचे स्टिल्यागी. प्रत्येक देशाने आपल्या नकोशा पोरांना दिलेली नावं एका ओळीत बसवून ते म्हणत होते, हे सगळे आमचे. मला ती यादी वाचताना आनंद होतो.

तिरकाकोन
ही यादी माहीत नव्हती. कामगाराबद्दलचं त्यांचं मत मला अजूनही पटत नाही, पण यादी सुंदर आहे.

हडसनपार
नंतर शब्दाचं काय झालं? १९६७ मध्ये चळवळ संपली म्हणता.

अमस्टेलकाठी
१३ मे १९६७ ला फोंडल पार्कात त्यांनी ती संपवली. सगळे कौतुक करायला लागले, पर्यटक प्रोव्हो बघायला यायला लागले, मग डिवचायचं कुणाला? तोवर डच बोलीत लांब केसांच्या कुठल्याही पोराला प्रोव्हो म्हणायला लागले होते, म्हणजे शब्द फिरून बाउकहाउझनच्या अर्थाच्याही मागे गेला. फान डाउनने १९७० मध्ये नवा गट काढला, 'कबाउटर', म्हणजे लाल टोपीचे बुटके वनवासी, लहान मुलांच्या गोष्टींतले. निसर्ग जपणारे म्हणून ते नाव. त्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅम पालिकेच्या ४५ पैकी ५ जागा त्यांनी जिंकल्या. रिकाम्या घरांत शिरून राहणारे 'क्राकर' ही पुढची पिढी. ३० एप्रिल १९८० ला बेआट्रिक्सच्या राज्यारोहणाच्या दिवशी 'घर नाही तर राज्याभिषेक नाही' म्हणत रस्त्यावर उतरले ते हेच.

म्हणून आज इथले वयस्क लोक जेव्हा "प्रोव्होंसारखं" म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात केस किंवा कपडे नसतात. कल्पक, निःशस्त्र आणि सरकारला पेचात पकडणारं काही, असा अर्थ असतो, हे आता मला तुमच्या प्रतिसादांमुळे नीट मांडता येतंय. सगळ्यांचे आभार.

सायकलस्वार
पुढच्या महिन्यात कामासाठी तिकडे येतोय. पांढरी सायकल कुठे बघायला मिळेल? लेनन आणि योको ओनो १९६९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या हिल्टनमध्ये अंथरुणात बसून शांततेसाठी आंदोलन करत होते, तेव्हा खोलीत पांढरी सायकल होती, तो फोटो माझ्याकडे आहे.

अमस्टेलकाठी
शुक्रवार मोकळा ठेवा. स्पाउ चौकात जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो आणि लिव्हर्ट्येचा पुतळा तिथेच आहे. प्रोव्होचे मूळ अंक बघायचे तर शहराच्या पूर्व भागात सामाजिक इतिहासाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या वाचनकक्षात ते मिळतात. आधी नाव नोंदवून मागणी टाकावी लागते. तारीख कळवा, मीही रजा टाकतो.

शब्दवेडी
दोघे जाणार असाल तर पहिल्या अंकात शब्दाचं स्पष्टीकरण कसं दिलंय ते उतरवून आणा. आणि बाउकहाउझनचं नाव घेतलंय का तेही बघा.